एचआयव्हीचा रिपोर्ट पक्का कधी मानावा?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुढे आला आहे. चाचणी झालेली असते, कागद हातात असतो, आणि तरीही त्या कागदावर विसंबावे की नाही हे कळत नाही. काहींचा निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास बसत नाही, तर काहींच्या घरी एकाच पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसार मोडायची भाषा सुरू झाली आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली असून नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न: माझे मूळ गाव खानापूर तालुक्यात असून मी दक्षिणेतल्या एका शहरात सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात आहे. तिथे एका स्त्रीशी माझा एकदाच, निरोध न वापरता संबंध आला. त्यानंतर २१ व्या दिवशी मी रॅपिड चाचणी केली, ५२ व्या दिवशी प्रयोगशाळेत शिरेतून रक्त देऊन फोर्थ जनरेशन चाचणी केली आणि ९७ व्या दिवशी तीच चाचणी पुन्हा केली. तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आहेत. परंतु ५२ व्या दिवशीच्या रिपोर्टवर ०.१४ असा आकडा होता, तो ९७ व्या दिवशी ०.३१ झाला आहे. याचा अर्थ विषाणू वाढतो आहे का? मला वारंवार तोंड येते आणि वजनही उतरले आहे. एका ओळखीच्या माणसाने सहा महिने थांबायला सांगितले, दुसऱ्याने वर्षभर. यात्रेसाठी गावी जायचे आहे आणि पत्नी गावीच असते. मी काय करावे?

उत्तर: त्या संबंधातून तुम्हाला एचआयव्हीची लागण झालेली नाही. हे वाक्य सुरुवातीलाच लिहितो, कारण तुमच्या पत्राची पाने पाहता तुम्ही किती दिवस झोपला नसाल याची कल्पना येते. आता हे मी कशाच्या आधारावर म्हणतो ते सविस्तर सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर नुसता विश्वास ठेवण्याची गरज उरणार नाही.

विषाणू शरीरात शिरल्यानंतर पहिले साधारण दहा दिवस तो कोणत्याही चाचणीला सापडत नाही. मग रक्तात त्याचे जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, मोजण्याइतके होते. त्याच्या काही दिवस मागून विषाणूच्या गाभ्यातले पी-२४ नावाचे प्रथिन दिसू लागते, आणि त्यानंतर, बहुतेकांमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात येतात. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतच्या या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. हा काळ सर्व चाचण्यांसाठी सारखा नसतो, कारण प्रत्येक चाचणी रक्तात वेगळी वस्तू शोधते, आणि लोकांच्या मनातला बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

सरकारी केंद्रांत आणि छोट्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक रॅपिड किट फक्त प्रतिपिंडे शोधतात. अशा चाचणीला लागण सापडायला २३ ते ९० दिवस लागू शकतात, म्हणून तिचा निगेटिव्ह निकाल ९० दिवस पूर्ण झाल्यावर पक्का मानतात. फोर्थ जनरेशन चाचणी मात्र पी-२४ आणि प्रतिपिंडे या दोन्हींचा एकाच वेळी शोध घेते. रक्त शिरेतून घेऊन ते प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासले असेल, तर या चाचणीला लागण १८ ते ४५ दिवसांत सापडते, आणि म्हणून ४५ दिवसांनंतरचा निगेटिव्ह निकाल निर्णायक धरला जातो. हीच दुहेरी चाचणी बोटाला टोचून रॅपिड किटवर केली असेल तर तिलाही ९० दिवसांपर्यंतचा काळ द्यावा लागतो. त्यामुळे रिपोर्टवर नुसते ‘फोर्थ जनरेशन’ छापलेले आहे एवढे पाहून भागत नाही. रक्त कुठून घेतले आणि कशावर तपासले हेही विचारावे लागते. आरएनए शोधणारी नॅट ही चाचणी १० ते ३३ दिवसांत लागण दाखवते, परंतु ती महाग आहे आणि तुमच्यासारख्या माणसाला या टप्प्यावर तिची काहीही गरज नाही.

आता तुमच्या तीन कागदांकडे पाहू. २१ व्या दिवसाची रॅपिड चाचणी फार लवकर झाली होती. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी रानात कोंब दिसला नाही म्हणून बी वाया गेले असे कोणी म्हणत नाही, तसेच त्या निगेटिव्ह निकालावरून लागण नाही असेही म्हणता आले नसते. ५२ व्या दिवसाचा निकाल मात्र निर्णायक होता. त्याच दिवशी ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवी होती. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायला सांगतात, कारण तिथल्या किट प्रामुख्याने प्रतिपिंडांच्या असतात. तो नियमही तुमच्या ९७ व्या दिवसाच्या चाचणीने पाळला गेला आहे. मधल्या काळात दुसरा असुरक्षित संबंध आलेला नसेल आणि प्रतिबंधासाठी एचआयव्हीची औषधे घेतलेली नसतील, तर याहून पक्का निकाल वैद्यकशास्त्र देऊ शकत नाही.

आकड्याविषयी. यंत्र तुमच्या नमुन्यातून येणारा संकेत मोजते, त्याला ठरावीक मर्यादेने भागते आणि येणारे गुणोत्तर छापते. रिपोर्टच्या उजव्या बाजूला बारीक अक्षरांत ‘१.०० पेक्षा कमी: नॉन-रिॲक्टिव्ह’ असे लिहिलेले असेल, ते एकदा पाहावे. १.०० च्या खालचा आकडा विषाणूचे प्रमाण सांगत नाही. तेच रक्त त्याच यंत्रावर त्याच दिवशी दुसऱ्यांदा फिरवले तरी ०.१४ चे ०.२२ किंवा ०.०९ होऊ शकते, कारण रसायनांची बॅच, तापमान आणि नमुन्यातली इतर प्रथिने यांमुळे हा पार्श्वभूमीचा संकेत थोडा वर-खाली होतच असतो. ०.३१ म्हणजे ‘थोडासा एचआयव्ही’ नव्हे. ०.१४ आणि ०.३१ या दोन्ही आकड्यांचा अर्थ तंतोतंत एकच आहे.

सहा महिने किंवा वर्षभर थांबण्याचा सल्ला लोक अजूनही देतात, तो पूर्वीच्या चाचण्यांच्या काळातला आहे. १९८५ च्या सुमारास आलेल्या पहिल्या किटना प्रतिपिंडे बरीच उशिरा सापडत आणि तेव्हा सावधगिरी म्हणून लांबची मुदत सांगणे योग्यच होते. किट बदलल्या, पण सल्ला तोंडोतोंडी तसाच चालत राहिला.

तोंड येणे आणि वजन उतरणे यांची तपासणी अवश्य करून घ्यावी, परंतु ती एचआयव्हीसाठी नव्हे. तोंड येण्याची कारणे जीवनसत्त्वांच्या कमतरतेपासून तंबाखूपर्यंत अनेक आहेत आणि महिनोन्‌महिने झोप व जेवण उडाले तर वजन कमी होणारच. नव्या लागणीची लक्षणे, म्हणजे ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, ही साधारण दोन ते चार आठवड्यांत येतात, काहींना मुळीच येत नाहीत आणि साध्या विषाणूजन्य तापातही तशीच दिसतात. त्यामुळे लक्षणांवरून ना लागण ठरते, ना ती नाही असे ठरते. ज्या गोष्टीकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही तिची मात्र आठवण करून देतो. अशा संबंधातून सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचीही लागण होऊ शकते. त्यांच्या रक्तचाचण्या केल्या नसतील तर यात्रेला जाण्यापूर्वी करून घ्याव्यात, आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर तीही घ्यावी. एचआयव्हीची चौथी चाचणी कृपया करू नये. निगेटिव्ह कागदांची चळत वाढल्याने भीती कमी होत नाही, उलट दर खेपेला ती नव्याने उभी राहते. एवढे समजल्यावरही मन ठिकाणावर येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न: आम्ही कोरेगाव तालुक्यातले. माझी मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे. खासगी प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासण्या केल्या, त्यात एचआयव्ही ‘रिॲक्टिव्ह’ आला. जावयांची चाचणी केली, ती निगेटिव्ह आहे. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले आहे आणि पोट पाडायची भाषा करत आहेत. मुलगी एका शब्दाने बोलत नाही. ती तशी नाही हो, डॉक्टरसाहेब. आम्ही आता कुठे जावे?

उत्तर: ताई, तुमच्या मुलीला एचआयव्ही आहे असे अजून कोणीही सिद्ध केलेले नाही. एका किटवर आलेला ‘रिॲक्टिव्ह’ शेरा म्हणजे पुढची तपासणी आवश्यक आहे एवढेच. त्यावरून निदान करणे चूक आहे, आणि त्या कागदाच्या आधारावर सासरच्यांनी जे केले ते अन्यायाचे आहे.

पहिल्या चाचणीची किट मुद्दामच अशी बनवलेली असते की एकही खरी लागण तिच्या नजरेतून सुटू नये. त्यामुळे ती कधी कधी निरोगी रक्तालाही रिॲक्टिव्ह म्हणते, आणि गरोदरपण हे अशा खोट्या निकालाचे एक माहीत असलेले कारण आहे. नुकतीच घेतलेली एखादी लस किंवा संधिवातासारखे काही आजार ही इतर कारणे आहेत. हे प्रमाण किती असू शकते ते एका हिशेबाने सांगतो. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे १०,००० माणसे तपासली तर त्यांत सुमारे २० जणांना खरी लागण असेल. किट हजारात पाच निरोगी माणसांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवते असे धरले, तर उरलेल्या ९,९८० निरोगी लोकांपैकी जवळपास ५० जणांचा रिपोर्ट रिॲक्टिव्ह येईल. एकूण ७० रिॲक्टिव्ह कागदांपैकी ५० कागद खोटे! हा हिशेब समजावण्यापुरता आहे आणि प्रत्येक किटची अचूकता वेगळी असते, पण एका चाचणीवर निदान का करायचे नाही हे त्यावरून ध्यानात येईल.

याच कारणासाठी आपल्या देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, असा नियम ठरवला आहे की लक्षणे नसलेल्या व्यक्तीला पॉझिटिव्ह म्हणण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी झाली पाहिजे आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या पाहिजेत. किट वेगळ्या असण्याला महत्त्व आहे, कारण तीच किट तीनदा वापरली तर ती तीच चूक तीनदा करील. तिन्ही निकाल जुळले नाहीत, तर निकाल अनिर्णित ठेवून साधारण दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना घेतला जातो. खरी नवी लागण असेल तर तेवढ्या काळात प्रतिपिंडे वाढून निकाल स्पष्ट होतो, आणि खोटा संकेत असेल तर तो तसाच राहतो किंवा नाहीसा होतो. हे थांबण्याचे दिवस कठीण जातात हे मी जाणतो, पण त्या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही एवढे घरात पक्के ठरवावे.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या उपजिल्हा अथवा ग्रामीण रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात. उद्याच मुलीला घेऊन तिथे जावे. खासगी रिपोर्ट बरोबर न्यावा, पण तो पाहून केंद्रातले लोक निदान करणार नाहीत. ते नव्याने रक्त घेतील. चाचणीपूर्वी समुपदेशक मुलीशी एकटीशी बोलतील, तिची संमती घेतील, आणि निकालही तिलाच सांगतील. तुम्हाला आत बोलावले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. चाचणी मोफत असते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पत्ता विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करावा, तिथे मराठीत बोलता येते.

जावयांच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून तुमच्या मुलीविषयी काहीच ठरत नाही. पती-पत्नींपैकी एकाला लागण असून दुसऱ्याला नसणे हे वर्षानुवर्षे घडू शकते, त्यामुळे त्यांचा निकाल तिच्या बाजूचाही पुरावा नाही आणि विरुद्धही नाही. ‘ती तशी नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. ते तुम्हाला लिहावे लागले याचे मला फार वाईट वाटले. निकाल काहीही आला तरी तिच्या चारित्र्याचा त्याच्याशी संबंध जोडू नका आणि कोणाला जोडूही देऊ नका.

समजा, तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्याच, तरी गर्भपात हा त्यावरचा उपाय नाही. आईने उपचार घेतले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गरोदरपणातच औषधे सुरू केली आणि ती नियमित घेतली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते, आणि प्रसूतीपर्यंत आईच्या रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. औषधे सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रातून, मोफत मिळतात. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल उघड करता येत नाही, आणि लागण असलेल्या व्यक्तीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. सासरच्या मंडळींना हे कोणीतरी वडीलधाऱ्या माणसाने शांतपणे समजावून सांगावे. मुलीचा निकाल त्यांना सांगायचा की नाही, हे मात्र मुलगी ठरवील.

प्रश्न: मी सांगलीत महाविद्यालयात शिकतो. आमच्याकडे रक्तदान शिबिर झाले, त्यात मी रक्त दिले. रक्तपेढीत एचआयव्ही तपासतात असे ऐकले होते. महिना उलटून गेला तरी मला काही फोन आलेला नाही, म्हणजे मी निगेटिव्ह आहे असे समजू का?

उत्तर: नाही, असे समजू नये. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे, परंतु फोन न येणे हा रिपोर्ट नव्हे. नंबर चुकीचा लिहिला गेला असेल, फोन उचलला गेला नसेल, अशा कितीतरी शक्यता असतात. तुम्हाला शंका असण्यासारखे काही घडले असेल तर सांगलीच्या शासकीय रुग्णालयातल्या किंवा मिरजेच्या केंद्रात जाऊन चाचणी करावी.

तुमच्या प्रश्नामागे चाचणी फुकट आणि गुपचूप व्हावी हा हेतू असेल, तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. विंडो पिरियडमधले रक्त तपासणीत निगेटिव्ह दिसू शकते आणि तरीही ते ज्याला चढवले जाईल त्याला लागण देऊ शकते. ती पिशवी एखाद्या थॅलेसेमियाच्या मुलाला किंवा बाळंतिणीला लागते. जोखमीचा संबंध आलेला असेल तर रक्तदान करू नये. मित्रांसमोर नकार देणे अवघड वाटत असेल तर शिबिरातल्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे, ते कारण न विचारता तुम्हाला वगळतील.

प्रश्न: मी कऱ्हाडजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. सलाइन काढताना वापरलेली सुई माझ्या बोटात गेली. रुग्ण एचआयव्ही पॉझिटिव्ह होता. त्याच दिवशी मला गोळ्या सुरू केल्या आणि २८ दिवसांचा कोर्स मी पूर्ण केला. सहाव्या आठवड्यातली फोर्थ जनरेशन चाचणी निगेटिव्ह आली आहे. सहकारी म्हणतात की ४५ दिवस जवळपास झालेच, आता चिंता सोड. ते बरोबर आहे का?

उत्तर: चिंता सोडण्याचा सल्ला योग्य आहे, पण दिवसांचा हिशेब बरोबर नाही. मोजणी बदलणारा महत्त्वाचा अपवाद तुमच्याच बाबतीत लागू होतो. सुई लागल्यानंतर घेतलेली औषधे, ज्यांना पीईपी म्हणतात, विषाणूची वाढ रोखतात, आणि क्वचित लागण झालीच तर पी-२४ व प्रतिपिंडे दिसण्याचा काळ त्यामुळे लांबू शकतो. म्हणून सुई लागल्याच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटची गोळी घेतल्याच्या दिवसापासून ४५ दिवस धरावेत. तुमची सहाव्या आठवड्यातली चाचणी गोळ्या संपल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांच्या आसपासची आहे. ती दिलासा देणारी आहे, निर्णायक नाही. सुई लागल्यापासून तीन महिन्यांनी होणारी चाचणी, तिच्या आधी गोळ्या संपून ४५ दिवस उलटलेले असल्याने, निर्णायक धरता येईल. तुमच्या रुग्णालयाच्या नोंदवहीत सहा महिन्यांनी आणखी एक चाचणी ठेवलेली असेल तर तीही करावी, पण तोपर्यंत टांगणीला लागून राहण्याचे कारण नाही. तीन महिन्यांचा निकाल येईपर्यंत मात्र निरोध वापरावा आणि रक्तदान करू नये.

अशा सुईतून लागण होण्याची शक्यता उपचाराशिवायही हजारात साधारण तीन इतकीच असते आणि वेळेवर घेतलेल्या गोळ्या ती आणखी खूप कमी करतात. रुग्ण नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू आटोक्यात असेल तर ती नगण्य होते. ही माहिती तुमच्या डॉक्टरांनी त्याच्या संमतीने मिळवलेली असेल, ती विचारून घ्यावी. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या विसरू नयेत, कारण सुईतून हिपॅटायटिस बी लागण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक असतो. इतर वाचकांसाठी एवढेच जोडतो की पीईपी ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडते, आणि जितकी लवकर, शक्य तर पहिल्या दोन तासांत, तितकी चांगली. जबरदस्तीला बळी पडलेल्या व्यक्तीलाही ती दिली जाते. त्यासाठी चाचणीच्या निकालाची वाट पाहत बसू नये.

प्रश्न: आम्ही जत तालुक्यात राहतो. मी आणि माझी पत्नी दोघेही एचआयव्हीसह जगत आहोत आणि दोघांच्या गोळ्या चालू आहेत. आमचे बाळ दहा महिन्यांचे आहे. दीड महिन्याचे असताना त्याच्या टाचेतून रक्त घेतले होते, तो निकाल निगेटिव्ह होता. मागच्या आठवड्यात बाळाला ताप आला म्हणून खासगी दवाखान्यात नेले. तिथे रॅपिड चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. दीड महिन्याचा निकाल चुकला होता का? बाळ अजून अंगावर पिते.

उत्तर: तो निकाल चुकलेला नसावा, आणि आताच्या रॅपिड चाचणीवरून बाळाला लागण आहे असेही म्हणता येत नाही. पॉझिटिव्ह आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि ती हळूहळू कमी होत असली तरी काही बाळांमध्ये १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. रॅपिड किटला ही प्रतिपिंडे आईची की बाळाची हे ओळखता येत नाही. म्हणून १८ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या प्रतिपिंड चाचणीवरून लागणीचे निदान करत नाहीत. अशा वेळी प्रत्यक्ष विषाणूचा शोध घ्यावा लागतो. दीड महिन्याला टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावरच्या छापील वर्तुळांत टिपले असतील आणि तो कागद वाळवून पाठवला असेल, ती चाचणी याच प्रकारची होती, आणि त्या दिवसापुरता तिचा निकाल विश्वासार्ह होता.

‘त्या दिवसापुरता’ असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. बाळ अंगावर पीत असेपर्यंत थोडी का होईना जोखीम चालू असते, म्हणून या बाळांच्या बाबतीत एकच निकाल शेवटचा मानत नाहीत. सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिने असे टप्पे ठरलेले आहेत; मधल्या टप्प्यांवर प्रतिपिंडे सापडली तर लगेच विषाणूची चाचणी करतात. अठराव्या महिन्यात तीन किटवर होणारी तपासणी बाळासाठी अंतिम ठरते, मात्र तोपर्यंत स्तनपान बंद झालेले हवे. ते उशिरा थांबले असेल तर निकालही तितका पुढे जातो. सहा महिन्यांची चाचणी झाली होती की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. राहिली असेल तर वाट न पाहता बाळाला तुमच्या नेहमीच्या केंद्रात न्यावे, खासगी रिपोर्ट दाखवावा आणि विषाणूची चाचणी करून घ्यावी. बाळाच्या आईने घाबरून अचानक दूध तोडू नये. तिच्या गोळ्या नियमित चालू असणे हेच बाळाचे सर्वांत मोठे संरक्षण आहे, आणि तिचा शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, कधी तपासला ते त्याच भेटीत विचारून घ्यावे.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातला, वय ४६. गेली नऊ वर्षे एआरटी चालू आहे. व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असे लिहून आले. एका वैद्याने सांगितले की तू बरा झालास, आता गोळ्या बंद करून माझे औषध घे. खात्रीसाठी मी बाहेर चाचणी केली, तर ती पॉझिटिव्ह आली. दोन्हींपैकी खरा रिपोर्ट कोणता?

उत्तर: दोन्ही खरे आहेत. व्हायरल लोड चाचणीने रक्तातला विषाणू मोजला आणि तो मोजण्याइतका सापडला नाही. बाहेरच्या चाचणीने तुमच्या शरीरातली प्रतिपिंडे पाहिली, आणि ती एकदा तयार झाली की उपचार कितीही यशस्वी झाले तरी साधारणपणे आयुष्यभर राहतात. ज्याचे निदान तीन किटवर पक्के झाले आहे आणि जो औषधे घेत आहे, त्याने प्रतिपिंडांची चाचणी पुन्हा करण्यात काहीच अर्थ नाही. उपचार सुरू असताना ती चुकून निगेटिव्ह दिसली, तर माणूस बरा झाल्याच्या भ्रमात औषधे सोडतो आणि ते अधिक धोक्याचे ठरते.

तुम्ही बरे झालेले नाही. तुमचा आजार पूर्णपणे ताब्यात आहे, आणि तो नऊ वर्षे रोज गोळी घेऊन तुम्ही ताब्यात ठेवला आहे. विषाणू काही पेशींत दडून राहतो, तिथे तो या गोळ्यांना संपवता येत नाही. गोळ्या थांबल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो पुन्हा रक्तात येतो, आणि अर्धवट औषधे घेतली तर तो त्यांना दाद देईनासा होऊ शकतो. कोणत्याही पॅथीच्या औषधाने एचआयव्ही समूळ बरा झाल्याचा दावा करणाऱ्याकडे कृपया पैसे घालवू नका. तुमच्या रिपोर्टमधली आनंदाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती त्या वैद्याने सांगितली नाही. व्हायरल लोड असाच सातत्याने न सापडण्याइतका राहिला, तर लैंगिक संबंधातून तुमच्या पत्नीला तुमच्यापासून लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला केंद्रात जाल तेव्हा पत्नीलाही बरोबर न्यावे आणि समुपदेशकांकडून दोघांनी मिळून हे ऐकावे. त्या वैद्याची काही औषधे आधीच घेतली असतील तर तेही केंद्रातल्या डॉक्टरांना सांगावे, कारण काही काढे आणि भस्मे एआरटीच्या गोळ्यांना बाधक ठरू शकतात.